टाकी भरली की येणारा वास

तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंचं नाक भलतंच तिखट होतं. पाण्यात औषध जरा जास्त पडलं तर दारातूनच त्या रखवालदाराला ऐकवत. त्यांचे यजमान शिंपी. उभा जन्म कापडाच्या तुसात गेल्यामुळे त्यांचं नाक कायमचं चोंदलेलं. त्यामुळे एका सकाळी गाडीत बसल्या बसल्या बाईंनी काचा खाली केल्या आणि "अहो, पेट्रोलचा वास येतोय," म्हणाल्या, तेव्हा शिंप्यांनी मान वळवून मागेपुढे हुंगून पाहिलं आणि हात टेकले.

"मला काही कळत नाही. पण तुला येतोय म्हणजे येतोय."

गाडी जुनी, उंच आणि ऐसपैस. गुडघ्यांनी छळलेल्या आज्यांना बाई पाण्यात व्यायाम शिकवायच्या आणि त्यांची सगळी फौज याच एसयूव्हीतून तलावावर आणायच्या. त्या दिवसापासून त्यांनी आज्यांना गाडीत घेणं बंद केलं आणि गाडी थेट कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेली. संध्याकाळी तिथल्या माणसाने किल्ली परत दिली.

"सगळं तपासलं, बाई. काही निघालं नाही. गाडीचं वय झालं की असं व्हायचंच."

"वय माझंही झालंय," बाई म्हणाल्या. "मला पेट्रोलचा वास येत नाही."

शिंप्यांना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पुन्हा नेली, पुन्हा तेच उत्तर. दुसरं कुणी असतं तर आकांडतांडव केलं असतं, नाहीतर गाडी मिळेल त्या भावाला विकून टाकली असती. बाईंनी यातलं काहीच केलं नाही. पाण्याला घाबरणाऱ्या माणसाकडे त्या जशा घाई न करता बघत राहायच्या, तशा त्या गाडीकडे बघत राहिल्या. एकदा भाजी निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"अहो, टाकी काठोकाठ भरली की वास येतो. अर्ध्यावर आली की जातो. आणि दुरुस्तीला नेताना टाकी भरून कोण नेतं? त्या बिचाऱ्यांना सापडणार कुठून?"

आपल्या एकाच गाडीचं सांगितलं तर खापर पुन्हा वयावरच फुटेल, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या शिंप्यांना घेऊन पेट्रोल पंपावर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच बनावटीची गाडी आली की पुढे व्हायचं आणि विचारायचं. शिंपी संकोचाने अर्धे झाले होते. पहिल्या गाडीतून एक धिप्पाड नळदुरुस्तीवाला उतरला. बाईंनी वासाचा विषय काढताच त्याने हात जोडले.

"नको ताई, आमच्याकडे आहे सुगंधी बाटली. कालच लावली."

"का लावलीत?"

"वास येतो म्हणून," तो म्हणाला.

मग एक फुलवाली भेटली. तिची गिऱ्हाइकं म्हणत होती, तुझ्या गुलाबांना पेट्रोलचा वास येतो. तिलाही दुरुस्ती केंद्रात गाडीचं वयच ऐकवलं होतं. अशी एकेक करत माणसं जमली, आणि एका सकाळी दुरुस्ती केंद्राच्या फाटकात एकसारख्या गाड्यांची रांग लागली. सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या, काचा बंद. तिथले मॅनेजर घाईघाईने बाहेर आले. आता मोर्चा येतो की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"भांडायला नाही आलो," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त एकेका गाडीत बसून बघा."

मॅनेजर बसले. फुलवालीच्या गाडीतून उतरताना ते डोळे पुसत होते. त्यांनी मेकॅनिकला हाक मारून बाईंच्या गाडीची मागची सीट काढायला लावली. खाली टाकीवर, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं प्लॅस्टिकचं झाकण होतं. त्याला केसाएवढी चीर गेली होती, आणि चिरेभोवती सगळं ओलं.

"आम्ही नुसत्या नळ्याच तपासत बसलो," मॅनेजर म्हणाले. "माझी माणसं चुकली, बाई. मीही चुकलो."

त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की गाड्यांची हमी कधीच संपली आहे. बाई मग दर आठवड्याला कंपनीच्या मुख्य कचेरीत फोन करू लागल्या. आवाज न चढवता, मागच्या वेळी जे सांगितलं तेच सांगायच्या. पुढे पुढे फोन घेणारी मुलगी तिच्या आईच्या गुडघ्यांसाठी व्यायाम विचारून घेऊ लागली. शेवटी कंपनीने त्या बनावटीच्या सगळ्या गाड्या बोलावल्या आणि झाकणं फुकट बदलून दिली. आज्यांची फौज पुन्हा गाडीत बसली.

इथे कुणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण तलावावर नळ दुरुस्त करायला आलेला नळवाला सहज सांगून गेला की त्याने गाडी झाकण बदलायच्या आधीच विकून टाकली होती.

"सुटलो एकदाचा," तो म्हणाला.

"कुणाला विकलीत?" बाईंनी विचारलं.

नाव त्याच्या लक्षात नव्हतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारं एक तरुण जोडपं, एवढंच आठवत होतं. बाई रविवारी शिंप्यांना घेऊन निघाल्या. गल्ल्या पालथ्या घालून, दुकानदारांना विचारत त्यांनी ती गाडी शोधून काढली. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली होती.

"जुनी गाडी म्हटल्यावर वास येणारच, असं आम्हाला वाटलं," तो तरुण म्हणाला.

"नाही येत," बाई म्हणाल्या. "बाळाला आमच्या गाडीत द्या. तुम्ही काचा उघड्या ठेवून मागून या. दुरुस्ती केंद्र आजही उघडं आहे."

बाईंच्या गाडीत बाळ आईच्या मांडीवर पेंगत होतं. त्याची टोपी शिंप्यांच्या हातात आली होती. सवयीने ते तिची उसवलेली शिवण बोटाने चाचपत होते. बाईंची नजर आरशात, मागच्या गाडीवर.

"काका, या कंपनीतल्या आहेत का?" बाळाच्या आईने हळूच विचारलं.

"नाही हो," शिंपी म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठाच निघाला. "ही पोहायला शिकवते."