रतीबाखालांच्या नातवाची पापणी

गिर्गा या आमच्या गावात, आमच्या गल्लीतली निम्मी माणसं रतीबाखालांच्या हातांवर जन्मली, मीही. सुईणपण त्यांना आईकडून आलेलं. बाळानं पहिला टाहो फोडला की त्या म्हणत, "रड बाबा, रड. पुढं आईबापांना रडवायचंय, सराव हवाच!"

स्वतःचा नातू हातात आला तेव्हा मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. त्याच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत मोठी खाच होती. झोपेतही त्या खाचेतून बुबुळ उघडं दिसायचं.

आमच्याकडे चाळीस दिवस बाळंतीण उंबरा ओलांडत नाही आणि बाळ लोकांच्या नजरेपासून जपतात. खालांनी बाळाच्या तोंडावर काळी ओढणी टाकली. शेजारची सकीना डोकावली, तर म्हणाल्या, "झोपलाय. चहा घे आणि नीघ. तुझी जीभ घरात ठेवून येत जा."

पण डोळा लाल झाला, चिकटू लागला. सून इन्साफ रडकुंडीला आली.

"आई, दवाखान्यात न्या याला."

"चाळीस दिवस होऊ देत. आता नेलं तर अख्खी बस याचं तोंड बघेल."

"बघू दे! हा आंधळा झाला तर चाळिसाव्या दिवशी लोकांना काय दाखवणार आहात?"

सकाळी बाळाला उराशी धरून खाला एकट्याच सोहाग शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढल्या.

डॉक्टरीणबाईंनी ओढणी बाजूला केली आणि बराच वेळ डोळा तपासला. "पापणी पोटातच अपुरी राहिली. त्यात कुणाची चूक नाही. पण हे कापड उघड्या बुबुळावर घासत होतं. ओरखडा पडलाय."

"कापड मी घातलं," खाला म्हणाल्या. "त्याची आई नको म्हणत होती."

"ओरखडा कडेला आहे. नजर वाचेल, पण आता थांबायचं नाही. मलमानं डोळा ओला ठेवू, मग खाचेच्या दोन्ही कडा साफ करून एकमेकींना शिवू."

"शिवलेली पापणी उघडेल?"

"उघडेल, आणि मिटेलही."

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. गुंगी उतरल्यावर बाळ थोडं रडलं, बाटलीनं दूध प्यायलं आणि झोपलं. खालांनी धावत जाऊन नर्सला ओढून आणलं.

"पोरी, बघ गं, याचे दोन्ही डोळे मिटलेत!"

"झोपलाय हो, हाजा आजी. झोपलं की मिटतातच."

"याचे नाही मिटत," खाला म्हणाल्या, आणि श्वास चाललाय ना हे बघायला बाळाच्या नाकाखाली धरलेलं बोट त्यांनी कितीतरी वेळ काढलं नाही.