वशिंडाची झूल

सारंगखेड्याची जत्रा आटोपून काल शहाद्याला परतलो... अजून मन ठिकाणावर नाही.

आमचं घोड्यांच्या साजाचं लहानसं दुकान. लढाई सुरू झाल्यापासून कापसाला मागणी आली, जिनिंगच्या कारखान्यांत मजुरी वाढली आणि आमचे दोन्ही कारागीर तिकडे गेले. तेवढी मजुरी आम्हाला परवडत नव्हती. जत्रेत झुली विकल्या तर दुकान, नाहीतर कुलूप... इतकं सरळ होतं.

म्हणून मी काम बाहेर द्यायचं ठरवलं. कळसाडीच्या जमनाकाकी आणि त्यांच्या गल्लीतल्या बायका पोळ्याला बैलांच्या झुली शिवतात, आरसे आणि मणी लावून. कापड आमचं, शिलाई त्यांची, नगावर मजुरी. अण्णांना, म्हणजे वडिलांना, ते पटलं नाही. दुसऱ्याच्या घरात शिवलेल्या मालावर आपलं नाव कसं सांगायचं, म्हणाले.

मी काकींना फक्त लांबी-रुंदी दिली, बाकी त्यांना ठाऊकच असेल असं धरलं. मालाची गाडी कळसाडीहून थेट जत्रेत मागवली.

सकाळी गाठोडी सोडली. काम असं देखणं, की शेजारचे दुकानदार उठून बघायला आले. मग मी एक झूल घोड्यावर टाकली...

खांद्यापाशी हातभर भोक. काठाला सुंदर गोट लावलेला. दुसरी उघडली, तिसरी उघडली... सगळ्यांना तसंच.

बैलाच्या वशिंडासाठी जागा सोडली होती.

शेजारच्याने विचारलं, घोडा नांगराला जुंपणार का. लोक हसले. अण्णा बिडी पेटवून पाठ करून बसले. ते मला जास्त लागलं.

दुपारपर्यंत एकही झूल गेली नाही. मग एक पंजाबी व्यापारी आला. त्याच्या पांढऱ्या घोड्याची मानेच्या मुळाशी कातडी सोलवटली होती. जुनी झूल तिथेच घासत होती. त्याने आमची झूल टाकली, घोडा चालवला, पळवला, भोकातून हात घालून पाहिलं. जखमेला कापड लागतच नव्हतं.

"यहाँ घिसेगी नहीं," तो म्हणाला. "कितनी हैं?"

त्याने झुली घेतल्या हे पाहून इतरांनीही आपल्या घोड्यांच्या माना तपासल्या आणि झुली नेल्या. संध्याकाळी तोच शेजारचा दुकानदार झूल मागायला आला... उरली नव्हती.

परतताना अण्णांना घेऊन कळसाडीला गेलो. मजुरी दिली, घडलेलं सांगितलं. काकी आधी ओशाळल्या, मग माझ्यावरच उलटल्या.

"घोडाले वशिंड नही ऱ्हास, हाई आमले कोनी सांगं? तू सांगं का?"

नव्हतं सांगितलं, मी कबूल केलं. सगळ्या झुली खपल्या हे ऐकल्यावर मात्र त्यांनी पदर खोचला.

"मंग पुढला सालले वशिंडनी मजुरी आलग घिसू मी."

वशिंडाची वेगळी मजुरी! मी अण्णांकडे पाहिलं. मजुरी वाढली म्हणूनच तर आम्ही इथवर आलो होतो...

अण्णा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. "दी टाक," मला म्हणाले.

आज सकाळी दुकान उघडलं. एक गिऱ्हाईक आलं, जत्रेतल्या त्या झुली कोण शिवतं म्हणून विचारलं. मी बोलायच्या आत आतून अण्णांचा आवाज आला... "आमच्या कळसाडीच्या बायका."