आकारामचं बिनपाण्याचं दूध

कसबा बावड्यातल्या आकारामला शिवी दिली तर तो हसून सोडून देतो, पण दुधात पाणी म्हटलं की बाह्या सरसावतो. सकाळी गिऱ्हाइकांच्या पुढ्यात म्हैस पिळून धारोष्ण दूध पाजणारा माणूस तो. संध्याकाळच्या धारा बायको क्रांती काढते आणि ते दूध हा राजारामपुरीतल्या फ्लॅटांत घालतो.

रविवारी मात्र तो आमच्या डोंगर भटकणाऱ्या टोळीत असतो, आणि टोळीचा पाण्याचा फिल्टर त्याच्याच ताब्यात. वीतभर नळी, ओढ्याचं पाणी पिशवीत भरायचं, नळी लावून पिशवी पिळायची, की गाळ आत आणि स्वच्छ पाणी बाहेर. पिळण्यात आकारामचा हात कोण धरणार? घरी आल्यावर पिचकारीनं उलट्या बाजूनं पाणी मारून तो नळी साफ करतो आणि सावलीत वाळवतो. मी एकदा तिच्या तोंडाला नुसतं बोट लावलं तर म्हणाला, "हात धुतलास काय रं? गोठ्यात सुदिक घ्यायचो न्हाय तुला." शाळेपासूनचा मित्र म्हणून ऐकून घेतलं.

मागच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या वर्षाराणीबाई सहज म्हणाल्या, "आज दूध जरा पातळ वाटतंय." झालं! आकारामच्या डोक्यात किडा वळवळला. फिल्टर गाळ अडवतो, पाणी सोडतो. म्हणजे दूधही अडवेल, आणि कुणी पाणी घातलं असेल तर तेवढंच बाहेर येईल. त्यानं संध्याकाळचं दूध पिशवीत भरून जीव खाऊन पिळलं. नळीतून थेंब थेंब पिवळसर पाणी आलं. पांढरेपणा औषधालाही नव्हता.

तो तसाच गोठ्यात गेला आणि क्रांतीला विचारलं, "पाणी घातलंस व्हय?" तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि बोलणंच बंद केलं. ताट वाढायची, शब्द नाही.

शनिवारी तो चोंदलेली, आंबट वासाची नळी घेऊन संयोगिताकडं आला. ती आमच्या टोळीची म्होरकी, क्लासमध्ये विज्ञान शिकवते. मी तिथं होतोच. सगळं ऐकून तिला हसता हसता ठसका लागला.

"दादा, दुधात मुळातच पाणी असतं. शंभरात ऐंशी भाग."

"माज्या दुधात?"

"सगळ्यांच्याच. म्हैसच घालून देते."

"म्हंजे भेसळ म्हस करती?"

मी खिदळलो, पण त्याचा चेहरा बघून पिचकारी हातात घेतली. पिचकारीनं कोमट पाणी मारून मारून आमचे हात दुखले, तरी नळी मोकळी होईना. नवी घेऊ, असं संयोगिता म्हणाली. आकारामचं तिकडं लक्षच नव्हतं. घरी एकट्यानं जायची छाती होईना, म्हणून त्यानं मला ओढत नेलं. मीही गेलो, फुकटचा तमाशा कोण सोडतो?

क्रांती धार काढत बसली होती. हा म्हणाला, "पाणी म्हशीचंच हाय म्हनं."

"मग तिला इचारायचं हुतं की! त्या बाईला शंका आली, ती परकी हाय. तुमी एका नळीचं ऐकलासा आन् मला चोर ठरिवलासा."

मला आपण उगाच आलो असं वाटलं. आकाराम तिच्यासमोर शेणातच उकिडवा बसला आणि ओरडला, "चुकलं माजं!" हळू बोलणं या माणसाला ठाऊकच नाही, शेजारपाजारचे दारात आले.

क्रांतीनं धार थांबवली नाही. "हळू बोला," ती म्हणाली. "म्हस पान्हा चोरंल, आन् मग खरंच पाणी घालाय लागंल."