पिंपाभोवतीचा डफ

सासऱ्यांच्या डफावर मी बसले तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ऑफिसला उशीर झाला म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, एका हातानं सँडलचा पट्टा ओढत, मागे न बघता खुर्चीत टेकले. खुर्चीत शालीची घडी होती. शालीच्या आत काहीतरी आहे हे मला कळलं ते 'कडाक्' असा आवाज झाल्यावर. (माझं तेव्हाचं वजन किती होतं, हा या गोष्टीचा विषय नाही.)

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आलो, आणि मीही माझ्या विमा कंपनीत अर्ज-विनंत्या करून मागोमाग बदली मिळवली. त्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. आबा निवृत्त शाळामास्तर, पण खरा जीव पोवाड्यात. डफ हातात आला की बहात्तर वर्षांचा माणूस एकदम तिशीतला व्हायचा. इथल्या मराठी मंडळींना ते कळलं आणि महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात त्यांचा पोवाडा ठेवला गेला. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी. आज गुरुवार.

त्याच दिवशी पहाटे आबा शेजारच्या देशपांडे पतिपत्नींबरोबर पुष्करला गेले होते. जाताना त्यांनी डफ स्वतःच्या शालीत गुंडाळून खुर्चीत ठेवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, डफ इथं ठेवलाय गं. तुझ्या नजरेसमोर राहील."

नजरेसमोर नाही राहिला, एवढंच.

शाल उघडली. कातडं शाबूत होतं. पण त्याच्या भोवतीचं लाकडी कडं दोन ठिकाणी मोडून आत दबलं होतं. मी ऑफिसात रजा कळवली आणि ह्यांना बँकेत फोन लावला.

"अहो, आबांच्या डफावर मी बसले."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "पूर्ण?"

"म्हणजे काय? अर्धवट कसं बसतात?"

"मला लहानपणी त्या डफाला हात लावायची परवानगी नव्हती," हे म्हणाले. "आबा शनिवारी संध्याकाळी येतायत. मला गावाबाहेर, बस्सीच्या शाखेत तपासणीला पाठवतायत का बघतो."

असा नवरा असल्यावर बाईला स्वतःच हातपाय हलवावे लागतात. मी मोडका डफ पिशवीत घालून रिक्षानं झोटवाड्याला गेले. तिथे गोपालजी नावाचे सुतार होळीच्या दिवसांत चंग बनवतात, असं आमच्या कामवालीनं सांगितलं होतं. चंग म्हणजे इकडचा डफच, आकारानं मोठा. गोपालजी दुकानाला कुलूप लावायच्या बेतात होते. पायाशी ट्रंक, डोक्यावर नवंकोरं पागोटं.

"भैया, ये ठीक हो जाएगा? गिर गया था."

गोपालजींनी कडं उलटसुलट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ये तो कहीं गिरा नहीं है, भाभीजी. इस पर कुछ गिरा है."

मी विषय बदलला. नवीन कडं करून द्याल का, विचारलं. तर आखातीज, म्हणजे आपली अक्षय तृतीया, तोंडावर आलेली, त्यांच्या भाचीचं लग्न, बस तासाभरात. तयार कडं एकही नाही. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी आतून तुतीच्या ओल्या लाकडाच्या दोन लांब पातळ पट्ट्या काढल्या, चार बोटं रुंद आणि माझ्या खांद्याला येतील एवढ्या उंच.

"आधा घंटा भाप दो. लकड़ी नरम पड़ जाएगी. फिर किसी गोल चीज़ पर लपेट के कस दो. बस एक बात, निकालने के बाद सोचना मत. सोचा, तो टूटी."

"लेकिन पट्टी तो एक ही चाहिए. दूसरी क्यों?"

"पहली टूटेगी ना, भाभीजी!"

गोपालजी लग्नाला गेले आणि मी दोन्ही बाजूंनी पट्ट्या बाहेर आलेल्या रिक्षातून घरी. वाटेत एका स्कूटरवाल्यानं मला 'भाला फेंकने जा रही हो क्या' असंही विचारून घेतलं.

आता वाफ. वाफ म्हटलं की मला इडलीपात्र आठवतं. पण इडली गोल असते आणि पट्टी सव्वाचार फुटांची! एक टोक इडलीपात्रात आणि उरलेली पट्टी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर, अशी अर्धा तास धरून बसले. वाफवलेलं टोक मऊ झालं, बाकीची पट्टी माझ्याकडे ताठ मानेनं बघत राहिली.

संध्याकाळी हे आले. (बस्सीला कुणी पाठवलं नव्हतं.) मोडकं कडं उलटसुलट करून पाहिलं. मग अचानक त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला, जो व्हायला कॉलेजनं त्यांना कधीच वाव दिला नव्हता.

"सोपं आहे! गच्चीवर प्लास्टिकचा पाईप पडलाय. पट्टी पाईपात घालायची, दोन्ही तोंडांना फडकी कोंबायची, आणि कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावून वाफ पाईपात सोडायची."

खरंच लावलं सगळं. कुकर गॅसवर, नळी पाईपात, पाईप दोन स्टुलांवर. वाफ भरायला लागली. हे हातात घड्याळ घेऊन उभे. पंधराव्या मिनिटाला मी म्हटलं, "अहो, वाकतंय!"

"बघ! म्हटलं होतं ना!"

"लाकूड नाही हो. पाईप!"

वाफेनं पाईपच मऊ पडला होता. दोन स्टुलांच्या मध्ये तो झोळीसारखा लोंबला आणि बघता बघता त्याचं पोट फरशीला टेकलं. आम्ही घाईघाईनं गॅस बंद केला. पाईपाला सुंदर गोलाई आली होती. पट्टी आतून बाहेर काढली, तर सरळ रेषा आखायला चालली असती.

त्या रात्री मी आडवी पडून छताकडे बघत होते. आबांना मी नीटशी ओळखतही नव्हते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण बदल्यांमुळे त्यांच्याबरोबर सलग चार दिवस राहणं याच खेपेला झालेलं. ते कमी बोलत. रोज सकाळी गॅलरीत बसून डफावर बोटं फिरवत, अगदी हळू, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. तेवढा वेळ ते घर त्यांचं असायचं, बाकीचा दिवस पाहुण्यासारखे अवघडून बसत. आणि मी नेमकी त्याच डफावर बसले होते!

शुक्रवारी सकाळी डोळे उघडले ते गव्हाच्या कोठीवर. इकडे एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरून ठेवतात, त्यासाठी पत्र्याची उंच कोठी असते. वर झाकण, खाली गहू काढायला छोटं तोंड. जवळजवळ चार फूट उंच!

"अहो, उठा. गहू काढायचाय."

"दळायला?"

"नाही. सगळा."

नुकताच भरलेला एक क्विंटल गहू आम्ही डबलबेडवर चादर पसरून ओतला. बेड पुरला नाही म्हणून उरलेला दिवाणावर. मग कोठीत दोन्ही पट्ट्या तिरक्या उभ्या केल्या, खालच्या तोंडातून कुकरची नळी, वर झाकण, झाकणावर ओली चादर. दहा मिनिटांत कोठी घुसमटल्यासारखी आवाज करायला लागली. सगळ्या घराला ओल्या गव्हाचा वास. अर्ध्या तासानं झाकण काढलं, तर वाफेचा असा लोट आला की ह्यांच्या चष्म्यामुळे हे काही काळ निरुपयोगी झाले.

गोल वस्तू म्हणून मी आमचं पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप निवडलं होतं. माप अगदी डफाएवढं, आणि पाण्यानं काठोकाठ भरलं की हलत नाही. हातात हिवाळ्याचे लोकरी मोजे चढवून मी पहिली पट्टी बाहेर काढली.

"पकडा ते टोक! वळवा!"

"कुठून? डावीकडून की उजवीकडून?"

"तुमच्या डावीकडून!"

"माझ्या डावीकडे तू आहेस!"

"मग मी सरकते, तुम्ही..."

कडाक्.

सोचा, तो टूटी. मग मी ह्यांना पिंपाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसायला सांगितलं आणि डोळ्यांवर चष्मा नको म्हटलं. दुसरी पट्टी काढली. या खेपेला काही म्हणजे काही विचार केला नाही. (हे मला सहज जमतं, असं ह्यांचं म्हणणं.) एक टोक ह्यांच्या तळहाताखाली दाबलं, आणि पिंपाभोवती धावत एक प्रदक्षिणा घातली. पट्टी माझ्यामागून मऊ कणकेसारखी वळत आली! टोकावर टोक चढलं. वरून सायकलची जुनी ट्यूब आवळली, आणि तीही कमी वाटली म्हणून माझ्या परकराची लाल नाडी.

"झालं?" ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"झालं."

"माझी बोटं आत आहेत."

ती सोडवली. बाकी पट्टी वाळेपर्यंत पिंपाला हात लावायचा नाही, असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी आबा यायच्या आत कडं काढायचं, कातडं चढवायचं, आणि काही झालंच नाही असा चेहरा करायचा. कातडं कसं चढवतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण तो प्रश्न शनिवारचा होता.

शनिवारी दुपारी बारा वाजता दारात आबा! पुष्करच्या उन्हानं देशपांडे वहिनींना चक्कर आली म्हणून सगळे लवकर परतले होते.

आबा थेट स्वयंपाकघरात गेले. फुलपात्र घेतलं, पिंपाचं झाकण उचललं आणि थांबले. पिंपाच्या पोटावर लाकडी पट्टा, त्यावर सायकलची ट्यूब, त्यावर लाल नाडीची गाठ.

"सूनबाई, हे काय बांधलंय गं पिंपाला?"

अकरा वर्षं लोकांचे अपघाताचे जबाब वाचणारी मी. कुणी काय काय थापा मारतं हे मला तोंडपाठ. आणि ऐन वेळी माझ्या तोंडून काय निघावं?

"इकडे ऊन फार असतं ना, आबा. पिंप फुगतं."

"हं," आबा म्हणाले. शांतपणे पाणी प्याले. मग बाहेर जाऊन बेडवरच्या गव्हाकडे पाहिलं, गच्चीच्या दारातल्या वाकड्या पाईपाकडे पाहिलं, आणि शेवटी खुर्चीकडे. तिथे नुसती शाल होती.

मला राहवलं नाही. मी मोडका डफ कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि रडायलाच लागले. "आबा, मी बसले त्याच्यावर. बघितलं नाही. माझी चूक आहे. ह्यांनी काही केलं नाही." (हे अगदी खरं होतं. ह्यांनी खरंच काही केलं नव्हतं.)

आबांनी मोडक्या कड्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा पडला होता, मी खोटं नाही सांगत. पण मग ते उठले, पिंपापाशी उकिडवे बसले, आणि नव्या लाकडाला बोटानं टिचकी मारली.

"हे तू वाकवलंस?"

"हो."

"कशात?"

"गव्हाच्या कोठीत."

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्यांनाही रडू येतंय. तर ते हसत होते! आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते.

"आण ती परात," ते म्हणाले. "कातडं भिजत घालू. आणि पोरी, नाडी सोड. कडं वाळलंय."

ती दुपार आम्ही दोघांनी फरशीवर बसून काढली. त्यांनी सांध्याला सरस लावला, बारीक चुका ठोकल्या, मी धरलं. कातडं ताणताना ते म्हणाले, "ओढ, लाजू नकोस. बसताना लाजली नाहीस." कड्याला एक दोष राहिला होता. पाण्याचं पिंप गोल असलं तरी ह्यांची बोटं एका बाजूला आत होती, त्यामुळे डफ किंचित लंबगोल झाला होता. आबांनी तो उन्हात धरला, टकटक केलं, कान लावला.

"अंड्यासारखा आहे. पण बोलतोय."

रविवारी आबांनी पाऊण तास पोवाडा म्हटला. मी पहिल्या रांगेत मुठी आवळून बसले होते. एका अंगाला थाप पडली की घुमायचं, दुसऱ्या अंगाला खणखणायचं. आबांनी दोन कडव्यांतच ते ओळखलं आणि लढाईच्या जागी एक बाजू, दुःखाच्या जागी दुसरी, अशी वापरायला लागले. टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर एक जाणकार गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून पुढे आले आणि डफ निरखू लागले.

"हा लंबगोल आकार मुद्दाम दिसतोय. काही जुनी पद्धत आहे का?"

"आमच्या घराण्याची आहे," आबा अजिबात न हसता म्हणाले.

"वा! कुणापासून चालत आली?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांच्यापासून."

त्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला. नोकरीत चुकीबद्दल मेमो मिळतो हे मला ठाऊक होतं, नमस्कारही मिळतो हे त्या दिवशी कळलं. महिन्याभरानं त्यांनी 'लंबगोल डफाची परंपरा' या विषयावर बोलायला मला रीतसर बोलावलं. मी नम्रपणे नकार दिला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. खरं म्हणजे माझं सहा पानी भाषण लिहून तयार होतं. ते ह्यांनी लपवून ठेवलं!