व्याह्याच्या तोंडातला चेंडू

लग्नात चेंडू मारणारा माणूस भाड्यानं बोलावतात, हे मला माझ्या नातीच्या लग्नात कळलं. तेव्हा जो राग आला तो अजून उतरला नाही. घरचे म्हणतात, बुढा विसरून जाईल. मी विसरणाऱ्यातला नाही, म्हणून लिहून ठेवतो. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण जेवढी झाली तेवढी पक्की झाली.

आमचं गाव मूलच्या पलीकडे, धानाच्या पट्ट्यात. मुलगा चंद्रपूरला ठेकेदारी करतो. नात त्याची. नवरदेव पुण्याला कंपनीत, घर मात्र चंद्रपूरचंच. मुलाला लग्न चंद्रपूरच्या मंगल कार्यालयात करायचं होतं. मी अडून बसलो. म्हटलं, पोरगी ह्या अंगणात रांगली, ह्याच अंगणातून सासरी जाईल. शेवटी त्यानं ऐकलं, आणि त्याचा वचपा असा काढला.

धान कापून झालं होतं, मळणी चालू होती. मुलगा खळ्यावर आला आणि माझ्यासमोर मोबाईल धरला.

"बाबा, नागपूरचा एक मानूस ठरवला लग्नाले. गोल्फवाला."

"कोनता वाला?"

"गोल्फ. काठीनं चेंडू मारते. नुसता मारत नाई, करामती दाखवते. डोळे बांधून मारते, गुडघ्यावर बसून मारते. मोठमोठ्या पार्ट्याइत बोलावतात त्याले."

"मंग आपल्या इथी काऊन येऊन राह्यला?"

"पावन्याइले करमलं पायजे ना बाबा. नवरदेवाचे दोस्त पुन्याहून येऊन राह्यले. जेवन झाल्यावर काय करतीन ते?"

"सुपारी खातीन. आतापर्यंत काय करत होते पावने?"

तो हसला आणि निघून गेला. म्हणजे ठरवलेलंच होतं, मला फक्त सांगायला आला होता.

मला याचाच पहिला राग. पाहुण्याला करमवायला माणूस भाड्यानं आणायचा, मग घरात एवढी माणसं कशाला? माझी थोरली बहीण एकटी वरातीला पुरते. तिच्या तोंडाला लागलेला वऱ्हाडी रडत तरी जातो नाहीतर हसत तरी जातो, पण कंटाळून कोणी गेला नाही. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मले आधी काऊन नाई सांगतलं? घरी मुसळ होतं, मीच उभी राह्यली असती."

त्या माणसानं मुलाला फोनवर विचारलं, हिरवं लॉन आहे का? मुलानं घरामागच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या वावराचा, फोटो पाठवून दिला. आमच्याकडे धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात. धान कापलं की ती मोकळी होऊन वर येते आणि मार्गशीर्षात बांधी अशी हिरवी दिसते की विचारू नका. फोटोत ते लॉनच दिसलं. शेतकऱ्याच्या पोरानं लाखोळी लॉन म्हणून दाखवली! त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला कुठून कळणार? पण हा माझा मुलगा ह्याच बांधीतली लाखोळीची भाजी खाऊन मोठा झाला.

लग्नाच्या दिवशी तो आला. पांढरी पँट, पांढरे बूट, डोक्यावर टोपी, पाठीवर थैला आणि त्यात लोखंडी काठ्या, बंदुका भरल्यासारख्या. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यानं बांधीत पाय टाकला. पाय भसकन खाली गेला आणि धानाचं खुंट पोटरीला टोचलं.

"अंकल, ये लॉन है?"

"नाई बाप्पा," मी म्हटलं, "हे वरन हाये."

त्याला समजलं नाही. त्यानं गाडीतून प्लॅस्टिकच्या गवताची गुंडाळी काढली आणि माझ्या लाखोळीवर अंथरली. खऱ्या हिरव्यावर खोटं हिरवं. मी मुलाकडे पाहिलं. मुलगा दुसरीकडे पाहत होता.

लग्न मात्र चांगलं लागलं. दुपारी पंगती उठल्या आणि सगळे बांधीच्या धुऱ्यावर जमले. पुढच्या खुर्चीवर नवरदेवाचा आजा. माझ्याच वयाचा, कोळशाच्या खाणीत खाली उतरून जन्म काढलेला, मिशा पांढऱ्या आणि हसणं मोठं. आमच्याकडे दोन्ही घरची वडील माणसं एकमेकांचे व्याहीच. सकाळी मी स्वतः त्याचे पाय धुतले होते. त्याच्या मागे पुण्याची पोरं मोबाईल उगारून उभी.

खोटं बोलणार नाही, त्या माणसाचा हात साफ होता. काठीच्या टोकावर चेंडू टप टप उडवत राहिला, पाठीमागून घेतला, दोन पायांच्या मधून काढला, आणि खाली पडायच्या आत असा हाणला की तो बोडीच्या पाण्यापलीकडे गेला. एक टरबूज ठेवलं होतं, त्याच्यात चेंडू घुसवला. अन्न फोडून टाळ्या घेणं मला पटत नाही, पण टाळ्या पडल्या. बहीण मागून ओरडली, "बाई! एवढा जोर हाये तं खळ्यावर ठेवा याले, धान तरी झोडंल!" तिलाही टाळ्या पडल्या, त्याच्याहून जास्त.

मग त्यानं माईक घेतला. "घर के सबसे बड़े दादाजी कौन हैं?"

मुलानं माझ्याकडे हात केला. आधीच ठरलेलं होतं हे. तो माणूस दोन्ही हात जोडून माझ्याकडे आला आणि सांगायला लागला. दादाजींनी ह्या गवतावर उताणं झोपायचं. तोंडात लाकडाची बारीक खुंटी धरायची. खुंटीवर चेंडू ठेवणार, आणि तो काठीनं चेंडू उडवणार. दादाजींना काही होणार नाही, हजार वेळा केलं आहे.

मी म्हटलं, "नाई."

मुलगा कानाशी आला. "बाबा, दोन मिन्टाचं काम हाये. समदे पाहून राह्यले."

"पाहू दे."

"काऊन पन?"

काऊन ते मला सांगता येईना. काठीला मी भ्यालो नव्हतो. वाघाच्या रानात मोहफुलं वेचणारा माणूस मी, काठीला काय भिणार? पण म्हाताऱ्या माणसाला उताणं निजवून त्याच्या तोंडात काहीतरी ठेवायचं, भोवती सोयरे मान वाकवून उभे, हे आमच्याकडे केव्हा करतात? गंगेचं पाणी, तुळशीचं पान, जमलं तर सोन्याचा मणी, हे केव्हा ठेवतात? एवढ्या माणसांत एकालाही ते दिसू नये? आणि ते बोलून दाखवायचं कसं? नातीच्या अंगावरची हळद ओली असताना, मांडवात त्या गोष्टीचं नाव काढायचं? नाव काढणं त्याहून वाईट. म्हणून मी नुसता "नाई, नाई" म्हणत राहिलो, आणि लोकांना वाटलं बुढा भ्याला. पुण्याच्या पोरांत कोणीतरी हसलं. मी तेही गिळलं. त्या जमावात फक्त माझी बहीण गप्प झाली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता.

तेवढ्यात व्याही खुर्चीवरून उठला. "काऊन बुवा, भेव लागला का? चाला, मी झोपतो. खानीत अंगावर डोंगर घेऊन बसलो, चेंडूचं काय!"

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तो धुरा उतरून गेला आणि त्या प्लॅस्टिकवर आडवा झाला. डोळे मिटले. दोन्ही हात छातीवर ठेवले. डोकं उत्तरेला. सगळं वऱ्हाड भोवती गोळा झालं, माना वाकवून, आणि तो पांढऱ्या कपड्यातला माणूस खाली वाकून त्याच्या दातांत खुंटी बसवायला लागला. सून म्हणून माझी पोरगी ज्या घरात आज पाऊल टाकणार, त्या घरचा कर्ता म्हातारा, आणि लग्नाच्याच दिवशी माझ्याच बांधीत असा. उद्या त्याला साधी सर्दी झाली तरी बायका कोणाच्या पायगुणाला नावं ठेवतील? माझ्या पोरीच्याच.

मी ओरडलो, "थांबा!"

व्याही उठून बसला. "काय झालं?"

"उठा."

"काऊन?"

"मी म्हनतो म्हनून."

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "हे बरं हाये. सोता भेले, आन मलेही उठवून राह्यले. आमाले हुकूम सोडता का बुवा? पोरगी तुमी देल्ली, आमी घेतली. आमी तुमचे गडी नाई."

मुलगा घामानं भिजला. धुऱ्यावर माझी नात उभी होती, शालू नेसून, नवऱ्याच्या बाजूला. ती माझ्याकडे पाहत होती आणि मग आजेसासऱ्याकडे पाहत होती. थोड्या वेळानं ती कोणाच्या गाडीत बसणार होती? त्याच्याच. मी हट्टानं जिंकलो असतो तर ते भांडण तिच्यासोबत त्या गाडीत बसून गेलं असतं. आणि हरलो असतो तर ती दुसरी गोष्ट गेली असती, जिचं नाव मी घेत नव्हतो.

मी मागे पाहिलं. बहीण वाढायच्या परातीतून जिलेबी घेऊन उभी होती. मी मागितली नव्हती. तिनंही काही विचारलं नाही.

मी जिलेबी घेतली आणि धुरा उतरलो. धोतर लाखोळीत भिजलं.

"हुकूम नाई बुवा," मी म्हटलं. "झोपा तुमी, खुशाल झोपा. पन आमच्या इथी रीत हाये. इवायाच्या तोंडात पयलं आमच्या हातचं गोड जाते, मंग दुसरं काय जायचं ते जाऊ द्या."

अशी रीत कुठंच नाही. ती मी तिथंच केली.

व्याह्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मिशा हलल्या. "रीत हाये म्हनता?"

"हाये."

"मंग चाला."

"आन डोकं इकडे करा, तिकडून ऊन लागते." त्याचं डोकं मी पूर्वेला करवलं, तशी पाठ अर्धी प्लॅस्टिकबाहेर लाखोळीवर आली. "हात असे पसरा. छातीवर नोका ठेवू, चेंडू पाहाले कसा मिळंल? डोळे उघडे ठेवा." तो लहान पोरासारखं सगळं ऐकत गेला. त्याला वाटलं, व्याही मस्करी करून राहिला. मी त्याची मान एका हातानं उचलली आणि जिलेबीचा तुकडा त्याच्या तोंडात दिला. बहिणीनं वरून सूर लावला, व्याह्याचं तोंड गोड झालं, मिशी चिकट झाली, इहीनबाई पुसतीन का, असं काहीबाही जोडून, आणि बायका हसायला लागल्या. व्याहीही आडव्यानंच हसायला लागला. हसणाऱ्या माणसाच्या तोंडात खुंटी राहते का? घसरून पडली. पाक मिशीवरून कानापर्यंत आला. त्या खेळवाल्यानं रुमालानं पुसलं, पुन्हा खुंटी लावली, पुन्हा पडली. तो वैतागून माझ्याकडे पाहत होता. पाहू दे. त्याचा खेळ बिघडला, माझं काम झालं होतं. आता ते चित्र तसं दिसत नव्हतं. आता ते लग्नातलं दिसत होतं.

शेवटी खुंटी टिकली. काठी फिरली. मी डोळे मिटले नाहीत. खट् झालं आणि चेंडू बोडीवरून पार गेला. व्याही टुणकन उठला आणि "पाह्यलं का!" म्हणून सगळ्यांना दाखवत फिरला, पाठीला लाखोळीची पानं चिकटलेली. ती पानं मी हातानं झाडली.

नात निघाली तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आबाजी, तुमी ना, लय हट्टी हा. त्यायले कायले उठवत होते?" मी म्हटलं, "असंच." तिला सांगितलं नाही. आता हे लिहिलेलं ती वाचेल तर वाचेल.

मुलानं नंतर मला मोबाईलवर ते सगळं दाखवलं. त्यात मी धोतर सावरत एका झोपलेल्या माणसाला जिलेबी चारतो आणि लोक हसतात. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं तेवढं कापून टाकतो, खेळ चांगला दिसंल." मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, खेळ काप, मला नको कापू. लाखोळी त्या भागात पुन्हा धड उभी राहिली नाही ते वेगळंच, आणि त्याबद्दल तो अजून एक शब्द बोललेला नाही.

व्याही ठणठणीत आहे. अधूनमधून फोन करतो. परवा म्हणाला, धाकट्या नातवाचं लग्न ठरत आहे, त्याच गोल्फवाल्याला बोलावणार, आणि ह्या खेपेला तुम्हाला निजवल्याशिवाय सोडत नाही. मी म्हटलं, "येतो बुवा. जेवतो. तुमच्या हातची जिलेबीही खातो, पन उभ्यानं. आडवा मी एकदाच होईन, आन तवा टाळ्या वाजवाले कोनाले भाड्यानं बोलावू नोका."

तो खूप हसला. मी हसलो नाही.