वजडीच्या चार खोल्या

रत्नागिरीच्या मटण मार्केटात शिरताना डाव्या हाताला एक बाई वजडी धूत बसते. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट. तिचं नाव मला ठाऊक नाही. ती मात्र मला सर म्हणते, कारण मी सव्वीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पोटाचे चार कप्पे मी डोळे मिटून फळ्यावर काढीन.

परवा तिने अख्खं पोट पाण्यातून काढून उलटं केलं आणि कोपराने कपाळ पुसत एकेक दाखवलं. "हा टॉवेल. ही मधाच्या पोळ्याची जाळी. ही वही, पानं मोजा हवं तर. आणि हे चौथं, आपल्यासारखं."

"वाघाला मात्र एकच कप्पा," मी मास्तरी सुरात म्हणालो.

"असणारच. आयतं मांस गिळणाऱ्याला एक खोली पुरते. सुक्या गवताचं रक्त करायचं तर चार लागतात." तिने वही माझ्यापुढे धरली. "हात लावा, चावत नाय."

इतकी वर्षं खडूने काढलेला कप्पा मी पहिल्यांदाच बोटांनी उलगडला आणि खरंच पानं मोजू लागलो. मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं, तशी ती त्याच्यावर डाफरली,

"वायच थांबा. सर शिकतायत."