चार काळ्या बटनांची पेटी

सासऱ्याच्या भजनाच्या पेटीचा भाता उंदरानं खाल्ला, तवा मी टेंभुर्णीत मिक्सर दुरुस्त करून राह्यलो होतो. सासऱ्याला मी मामा म्हणतो. राजूरच्या गणपतीपुढं दर चतुर्थीला पहिलं भजन मामाच्या मंडळीचं. सूर लागला न्हाई तर पाळी दुसऱ्या गावच्या मंडळीला, अन् एकदा गेली की कायमची त्यांचीच.

मी म्हणलो, "मामा, मी चिपची पेटी बनवतो. भाताच लागत न्हाई."

शाळा मला झेपली न्हाई. पर मोबाइलवर पाहू पाहू मी चिपमध्ये प्रोग्रॅम टाकतो. प्रोग्रॅम इंग्रजीत असतो. तो मी वाचत न्हाई, त्याच्यामुळं त्यात माझी चूक निघत न्हाई. खोक्याला दारावरच्या बेलची बटनं लावली, सगळी पांढरी. मामानं फोनवर विचारलं, "काळी चार निघंल ना? मी काळी चारमध्येच गातो."

"बराबर निघंल," म्हणलं, अन् चार बटनं काळी रंगवली.

चतुर्थीला मामा टाळ घेऊन बसले, डोळे मिटले. "द्या काळी चार, जावईबापू."

मी चारी काळी बटनं एकदम दाबली.

टिप्पर मागं घेताना वाजतो तसा आवाज निघाला. दर्शनाची लाइन बाजूला सरकली.

मामानं डोळे उघडले. "अवो, काळी चार म्हणजे चौथी काळी! चार काळ्या न्हाई!"

"मंग चौथी कोणती, मामा?"

"रंगवल्या तुम्ही, अन् विचारता मला?"

मी शेवटची दाबली. उरलेला सगळा रंग तिच्यावरच वतल्ता. तिच्यातून डासासारखा आवाज निघाला, अन् बटन वर यायलाच तयार न्हाई.

दुसरी मंडळी बाजूलाच पेटी घेऊन बसल्ती. त्यांचा गाणारा म्हणला, "मामा, उठा आता. तुमचा सूर दवाखान्यात गेला." स्वतःच्याच बोलण्यावर तो असा हसला की त्याला ठसका लागला. त्यांचा पेटीवाला हसू हसू पेटीवरच आडवा झाला. मी घाबरून वायर उपटली. ती मंडळी सावरायच्या आत मामानं कानावर हात ठेवला, बिनपेटीचा सूर धरला अन् भजन सुरू केलं. पाळी राह्यली.

वापस येताना जीपमध्ये मी खोकं मांडीवर घेऊन बसल्तो. मामा बोलले, "हे खोकं पुढल्या चतुर्थीलाबी आणा."

मला बरं वाटलं. "दुरुस्त करून आणतो, मामा."

"बिलकुल हात लावू नका. आपलं भजन झालं की वाजवा. त्यांच्या टायमाला."